मॉरीनताईचं मैदान

मंगळवार, ८ नोव्हेंबर २००५

ईदची सुटी संपली आणि कुवेतमधली अख्खी जाब्रिया आज आमच्याच क्लिनिकात रक्त द्यायला. आठ दिवस मिठाया हाणायच्या आणि मग शुगर वाढली म्हणून तोंड पाडून बसायचं. लॅबमध्ये नळ्या ठेवायला जागा उरली नाही.

दुपारी मॉरीनताईचा पेपर आला. आयर्लंडमधल्या तिच्या गावचं साप्ताहिक. तिची आई त्याची गुंडाळी करून वर खाकी कागद चिकटवते, भाऊ पोस्टात नेऊन टाकतो, दहा-बारा दिवसांनी ती इथे उगवते. शिळा पेपर इतक्या भक्तीने वाचणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. एरवी ही आमची नर्सिंग सुपरवायझर, हिची चप्पल वाजली की सगळ्या नर्सेस चिडीचूप. पेपर हातात पडला की एकटीच खुसखुसते.

आधी मयतांचं पान. आमचे बाबाही तसेच.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"ओळखीचं कुणीच नाही गं. वाया गेला पेपर."

(बोलतो इंग्रजीत. लिहिते मराठीत. दोघींच्या इंग्रजीची अब्रू तेवढीच वाचते.)

आम्ही मराठी बायका तिला मॉरीनताई म्हणतो. वयाने मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला जीभच वळत नाही. तिने हे आईला फोनवर सांगितलं, तर म्हातारीला इतकं आवडलं की हल्ली गुंडाळीवर पत्त्यात चक्क 'मॉरीनताई' लिहिते!

शुक्रवार, ११ नोव्हें.

सुटी. मॉरीनताई जेवायला आलेली आमच्याकडे रिग्गईला. सोलकढी तीन वाट्या प्यायली. आणि मग गुपित फोडलं.

बाई ब्लॉग लिहिते! म्हणजे इंटरनेटवरची उघडी वही. कुणीही वाचावी, खाली आपलं मत ठोकावं. नाव 'वेशीवरून' अशा अर्थाचं. सगळं गावचं राजकारण: कौन्सिल, खड्डे, मंत्री, कोण कुणाच्या मांडवात बसला. दोन वर्षं लिहितेय, आणि कुवेतमधून लिहितेय हे कुणाला ठाऊक नाही. गावाला वाटतं, रिटायर झालेले एक मास्तर लिहितात. मास्तर शपथेवर नाही म्हणतात. लोक डोळा मारतात आणि गुत्त्यात त्यांना फुकट पाजतात. हल्ली मास्तरांनी नाही म्हणणं सोडलंय.

मी हसून हसून बेजार. केतकी आतून ओरडली, "आई, आय हॅव अ टेस्ट टुमॉरो!"

सध्याचा विषय: गावाबाहेरचं जत्रेचं मैदान. पूर्वी तिथे गुरांचा बाजार भरायचा. आता बिल्डरला हवंय. कौन्सिलच्या आराखड्यात ती 'मोकळी जागा' आहे, तिथे 'घरं' असं करून घ्यायचं. ठराव डिसेंबरात मताला येणार. मॉरीनताई विरुद्ध लिहिते, सालटी काढते. आणि ठरावाच्या बाजूने सगळ्यात पुढे कोण, तर कौन्सिलर डेक्लन. हिचा सख्खा धाकटा भाऊ.

दर शुक्रवारी ती घरी फोन करते तेव्हा तो त्या मास्तरांच्या नावाने शंख करतो. ही म्हणते, हो का, मेला किती वाईट लिहितो.

मी विचारलं, "आणि कळलं तर?"

तिचं हसू गेलं. तीन वर्षांनी नाताळला घरी जायचंय, १५ डिसेंबरचं तिकीट हातात आहे. आई डेक्लनजवळ, त्याच जुन्या घरात. म्हणाली, "कळलं तर मी उतरू कुठे, सुनंदा?"

मी तिला अजून एक वाटी सोलकढी दिली.

सोमवार, १४ नोव्हें.

आज मी पण ठोकलं मत. आयुष्यातलं पहिलं, इंटरनेटवरचं.

मॉरीनताईने लिहिलं होतं की आपले कौन्सिलर एकही मयत चुकवत नाहीत. मला राहवेना. लिहिलं, "आमच्या गावी तर सरणाच्या लाकडांआधी सरपंच पोचतात. मग लाकडांची व्यवस्था करणाऱ्याला ओरडतात." खाली सही: एस., रिग्गई.

विलास नवऱ्याच्या हक्काने मागून वाचत होता. "काय गो, आयर्लंडात इलेक्शनला उभी राहतेस काय?"

म्हटलं, "उभी राहीन. तू प्रचाराला ये."

"नसत्या उचापती," म्हणाला आणि टीव्हीपुढे जाऊन बसला. पाच मिनिटांनी तिथूनच, "सरपंचाचं खरं आहे पण."

गुरुवार, १७ नोव्हें.

अगो बाई! माझ्या दोन ओळींखाली रांग लागलीय. एकाने लिहिलं, आमचा कौन्सिलर तर आजाऱ्याला भेटायलाच काळा कोट घालून येतो.

आणि धमाल म्हणजे रिग्गई कुठे यावर भांडण. एक म्हणतो केरी जिल्ह्यात. दुसरा म्हणतो छे, डोनेगॉलमध्ये, डोंगरापलीकडे. तिसऱ्या बाईंची तर मावशीच रिग्गईची, भारी कजाग होती म्हणे.

मॉरीनताईने लॅबचं दार लावलं आणि पोट धरून हसली. तिला असं हसताना इतक्या वर्षांत प्रथम पाहिलं. दारावर कुणीतरी टकटक केलं तर आतून म्हणते, "सँपल चालू आहे!"

रविवार, २० नोव्हें.

रोज लिहितेय. डांबरी रस्ता पुढाऱ्याच्या फाटकापाशी कसा थकून थांबतो ते लिहिलं. नारळ फुटतो आणि नळ येत नाही ते लिहिलं. तिकडून उत्तरं: आमच्याकडे पण, आमच्याकडे पण! तिथे नारळ नसतो, फीत कापतात. नळाचं तेच.

किती दिवसांनी इतकी खूष आहे मी. बाबा पेपर आला की अग्रलेख मोठ्याने वाचायचे, आणि संपादकांना पत्र लिहायचे, खाली कार्बन घालून. पोरींनो, मत असलं पाहिजे माणसाला, म्हणायचे. इथे चौदा वर्षं झाली. इथलं आपण बोलायचं नाही, तिथलं आपल्याला कुणी विचारत नाही. मत नावाची वस्तू घरात आहे हेच विसरून गेले होते.

मैदानावर पण लिहिलं. ठणकावून. गावाने मोकळी जागा विकली की गाव उरत नाही, वगैरे. जोरदार झालं होतं.

शुक्रवार, २५ नोव्हें.

आज काय झालं! साप्ताहिकाने 'वेशीवरून'मधला अख्खा उतारा छापला. दुसरं पान, चौकटीत. आणि तो मॉरीनताईला कुणी वाचून दाखवला, तर तिच्या आईने! फोनवर, चष्मा लावून, हिचंच लिहिलेलं हिलाच. शेवटी म्हातारी म्हणाली, "मास्तर तसा आगाऊ, पण लिहितो चांगलं."

मॉरीनताईने लगेच मला फोन केला. धड बोलता येईना तिला, नुसती किंचाळत होती. मी पण किंचाळले. मग बसले कॉम्प्युटरपाशी आणि भरभरून लिहिलं तिला. साखर वाटावीशी वाटतेय.

शनिवार, २६ नोव्हें.

माझं डोकं ठिकाणावर होतं का काल?

सकाळी विलासचा राईहून फोन. तो तिथे एसीच्या वर्कशॉपात सुपरवायझर. एरवी कामावरून फोन करत नाही. म्हणाला, "सुनंदा, तू काल ते अभिनंदन कुठे लिहिलंस? ईमेलात की सगळ्यांसमोर?"

सगळ्यांसमोर. ब्लॉगखाली. "मॉरीनताई, पेपरात छापून आलात, मनापासून अभिनंदन!" बिननावाच्या ब्लॉगवर नावासकट. लिहिताना खटकलंसुद्धा नाही. अभिनंदन करायचं तर मोठ्या बाईला ताई म्हणूनच करणार ना मी!

आणि हे शब्द त्या घरात कुणाला ठाऊक नाहीत? पेपरच्या गुंडाळीवर दर आठवड्याला आई तेच लिहिते. ती गुंडाळी पोस्टात कोण टाकतो? डेक्लन.

मॉरीनताईने क्लिनिकात आल्या आल्या ते पुसलं. पण खाली आधीच एकाने विचारलं होतं, ही मॉरीनताई कोण? म्हणजे वाचणाऱ्यांनी वाचलं.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "इट्स ऑल राइट, मिसेस सावंत."

मिसेस सावंत! चौदा वर्षांत पहिल्यांदा. बाथरूममध्ये जाऊन रडले.

(विलास हे सगळं रोज वर्कशॉपात वाचतो हे मात्र उघड झालं. विचारलं तर म्हणे, एसीच्या पार्टची किंमत बघताना चुकून उघडलं.)

सोमवार, २८ नोव्हें.

डेक्लनचा फोन नाही, ब्लॉगवर शब्द नाही. मॉरीनताईने काल घरी लावला तर आईने उचलला. म्हणाली, तो गुरांकडे गेलाय. नंतर लावला. तरी गुरांकडेच. मॉरीनताई म्हणाली, "इतकी गुरं नाहीत आमच्याकडे."

एवढंच बोलली माझ्याशी. मिसेस सावंत पुन्हा म्हणाली नाही, पण ताईसारखी बोलली पण नाही. 

बुधवार, ३० नोव्हें.

आला! डेक्लन आला. ब्लॉगवरच, स्वतःच्या पूर्ण नावाने. लांबलचक लिहिलंय.

आधी बहिणीला चार शिव्या, सभ्य भाषेतल्या. मास्तरांची माफी, कारण त्याने भर गुत्त्यात त्यांना लबाड म्हटलं होतं. आणि मग, "रिग्गईच्या बाईंना सांगा, त्यांची मतं वाचून मी दोनदा मोठ्याने हसलो आणि एकदा माऊस फेकून मारला."

पण शेवट. शेवट उतरवून ठेवते. "मॉरीन, तुला मैदान जसंच्या तसं हवंय, कारण तू ते दोन-तीन वर्षांनी आठ दिवस बघतेस. आम्ही रोज बघतो. माझ्या वर्गातली निम्मी पोरं परदेशी गेली. राहायला घर नाही म्हणून गेली. तू गेलीस तेव्हा गावात घरं असती, तर आज तू स्वयंपाकघरात बसून माझ्याशी भांडली असतीस."

मॉरीनताई लॅबमध्ये आली. हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हणाली, "सुनंदा, मूर्ख बाई, वाचलंस का?" मूर्ख म्हणाली! मी तिला मिठीच मारली. रक्ताच्या नळ्यांचं सेंट्रिफ्यूज तसंच फिरत राहिलं.

शुक्रवार, २ डिसेंबर

दादाला फोन केला गावी. सगळी हकीकत सांगितली. वाटलं होतं हसेल. हसला, पण मग म्हणाला, "आपल्या देवळापुढच्या जागेत बालवाडी बांधायची तर मुंबईवाल्यांनी असाच गळा काढला. मे महिन्यात येता, मैदान बघून डोळे पुसता, फणस नेता. बाकीचं वर्ष इथे कोण काढतं गो?"

म्हटलं, मी कुठे काय म्हणाले?

"म्हणाली होतीस. मागच्या मे महिन्यात. ठणकावून."

फोन ठेवला. २० तारखेचं माझं ते जोरदार मत पुन्हा वाचलं. शब्द चांगले होते. तिथे राहणाऱ्याला एकदाही विचारलेलं नव्हतं.

मंगळवार, ६ डिसें.

मॉरीनताईने उत्तर दिलं, तेही स्वतःच्या नावाने. घरं बांधा, पण मैदानावरच का? स्टेशनामागची जागा बिल्डरला का नको, त्याचं उत्तर दे. मग डेक्लन. मग ही. रोज! अख्खं गाव वाचतंय. साप्ताहिकाने दोघांना समोरासमोर छापलं, मध्ये मैदानाचा फोटो, खाली माझी मतं. आईने दोन्ही बाजू वाचून निकाल दिला की या दोघांपेक्षा रिग्गईची बाई बरं लिहिते.

मॉरीनताई म्हणाली, "दहा वर्षांत आम्ही मिळून इतकं बोललो नव्हतो. हवापाणी, गुरं, आईचा गुडघा, संपलं."

पण फोन? फोन अजून गुरांकडेच. तिकीट नऊ दिवसांवर. घरी ये असं त्याने एकदाही म्हटलेलं नाही, आणि हीही विचारत नाही. दोघं एकाच आईची.

शुक्रवार, ९ डिसें.

राईचं ऐकलं तर कुणाला पटणार नाही. विलासच्या वर्कशॉपात दोन पार्ट्या पडल्यात. सगळी आपली कोकणातली माणसं, काँट्रॅक्टवर आलेली, बायकापोरं तिकडे. विलास जेवणाच्या सुटीत त्यांना वाचून दाखवतो, मराठी करून! उचापती म्हणे.

आज चौघं-पाचजण जेवायला आले तेव्हा इथेच जुंपली. कणकवलीचे परबकाका, डक्टचं काम करतात, डेक्लनच्या बाजूने. "वहिनी, घर नाय म्हणान मी हय असंय. तेचा काय चुकला?" राजापूरचा गुरव म्हणाला, "काका, पण पोरं खेळतील कुठे? बिल्डिंगीच्या जिन्यात?" वरण थंड झालं तरी थांबेनात. शेवटी हात दाखवून मतदान. बरोबरीत सुटलं. केतकीचं मत मागितलं तर म्हणाली, "व्हाय कान्ट दे डू बोथ?" सगळे तिच्याकडे बघत राहिले. परबकाका म्हणाले, "हिला पाठवा थंय."

किती हसलो आज. घर भरल्यासारखं वाटलं.

गुरुवार, १५ डिसें.

मॉरीनताई गेली. दुपारचं विमान. आम्ही दोघं सोडायला गेलो. तिच्या आईसाठी खोबऱ्याच्या वड्या दिल्या, चिठ्ठी लावून, की रिग्गईच्या बाईकडून.

रस्ताभर तिकीट काढून बघत होती. विमानतळावर म्हणाली, "तो आला नाही तर बसने जाईन. आणि दार उघडलं नाही तर मास्तरांकडे उतरेन, माझ्या नावावर खूप प्यायलाय तो." हसलो तिघं. 

ब्लॉगची किल्ली, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडे देऊन गेली. सोमवारी दुपारी दोनला तिथे मतदान. इकडे पाच. ती सभेला लोकांत बसून फोन करणार, मी निकाल लिहायचा. म्हटलं, माझ्याकडे? पुन्हा काही घोटाळा केला तर?

"आता लपवायला उरलंय काय," म्हणाली आणि गेली.

शनिवार, १७ डिसें.

मेसेज! "डेक्लन विमानतळावर उभा होता. 'गाडीत बस, तुझी बाजू ऐकायची आहे,' म्हणाला. घरापर्यंत भांडलो. आई मागे वड्या खात बसली होती."

क्लिनिकात सगळ्यांना सांगत सुटले. ज्यांना काही माहीत नाही त्यांनाही. एका पेशंटबाईंनी मला मबरूक, म्हणजे अभिनंदन, म्हटलं. त्यांना वाटलं, मला नातू झाला.

मागाहून दुसरा मेसेज. "डेक्लनने अजून ठरवलेलं नाही. तुला एक विचारायला सांगितलंय: त्याच्या खुर्चीत तू असतीस तर काय केलं असतंस?"

रविवार, १८ डिसें.

काय लिहू? पाच आठवडे न विचारता मतं दिली. आता विचारलंय तर पेन उठत नाही.

विलासला विचारलं. म्हणाला, "खरं ते लिही. तुला येतं ते." मस्करी नव्हती. बरं वाटलं.

सोमवार, १९ डिसें.

संध्याकाळची शिफ्ट. हे लॅबमध्येच लिहितेय, मशीन धुतलं जातंय तेवढ्यात.

साडेचारला ब्लॉगवर टाकलं. जसंच्या तसं:

"डेक्लनभाऊ, मला माहीत नाही. मी माझ्या गावात राहत नाही, तुमच्याही नाही. दोन्हीकडे उपदेश केला, त्याबद्दल माफी. एवढंच म्हणते. घरं बांधलीत तर एक मॉरीनताईसाठी राखून ठेवा. नाही बांधलीत तर तिला मैदानावर घेऊन जा आणि इथे रोज कोण येतं ते दाखवा. आपण गेल्यावर गावाचं काय झालं, हे आम्हा लांबच्यांना कुणी बसवून सांगत नाही. आम्ही नुसते पेपर वाचतो. — सुनंदा सावंत, लॅब टेक्निशियन. रिग्गई कुवेतमध्ये आहे."

पूर्ण नाव घातलं. 

पावणेपाच. खाली प्रतिक्रियांचा नुसता पाऊस. ज्या बाईंची मावशी रिग्गईची होती त्या फार नाराज आहेत.

पाचला पाच कमी. आताच एक ओळ आलीय. त्याच्या नावाने.

"वाचलं, सुनंदाताई. आत चाललोय."

ताई म्हणाला. काय करणार आहे, देव जाणे. मोबाइल टेबलावर ठेवलाय, आवाज पूर्ण वाढवून. बाहेर तीन पेशंट बसलेत, पहिल्याला आत बोलावते.